मोडलेला हात आणि परतीची वाट : दीपनगर परिसर व खानदेशातील शारीरिक पुनर्वसनाचा इतिहास

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत, फेकरी गावाच्या शिवारात वसलेले दीपनगर ही मुळात औष्णिक वीज केंद्राची वसाहत आहे. १९६८ मध्ये तेथे ६२.५ मेगावॉट क्षमतेचा पहिला संच चालू झाला, १९७९ आणि १९८२ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटचे दोन संच त्याला जोडले गेले, आणि २०१० नंतरच्या दशकात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे आणखी दोन संच उभे राहिले. तापीवरील हतनूर धरणाचे पाणी आणि रेल्वेने येणारा कोळसा यांवर चालणारे हे केंद्र एका मोठ्या औद्योगिक पट्ट्याचा भाग आहे. भुसावळचे रेल्वे जंक्शन व इंजिनांची दुरुस्ती करणारे कारखाने, १९४९ मधील भुसावळचा आणि १९६४ मधील वरणगावचा आयुध निर्माण कारखाना, जळगावपासून धुळ्यापर्यंत पसरलेल्या सरकी काढण्याच्या जिनिंग-प्रेसिंग गिरण्या, अमळनेरची व धुळ्याची कापड गिरणी, आणि या सर्वांच्या भोवती कापसाची व केळीची शेती, असा हा मुलूख आहे. येथे गेल्या दीडशे वर्षांत लाखो माणसांनी यंत्रांजवळ, रुळांजवळ, विहिरींच्या काठावर आणि मळणीच्या खळ्यावर काम केले, आणि त्यांतील अनेकांचे हात-पाय त्या कामात मोडले, भाजले किंवा तुटले.

या जखमी माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न खानदेशच्या औद्योगिक इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे. हाड जुळणे आणि माणूस कामावर परतणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंतचा काळ जातो. या काळात आखडलेले सांधे मोकळे करावे लागतात, वाळलेले स्नायू पुन्हा भरावे लागतात आणि उठणे, बसणे, पकडणे, उचलणे या क्रिया जवळजवळ नव्याने शिकाव्या लागतात. यालाच वैद्यकात शारीरिक पुनर्वसन म्हणतात. त्याच्या दोन मुख्य शाखा मानल्या जातात : व्यायाम, शेक, मर्दन व विद्युत-उपचार यांच्या साहाय्याने हालचाल परत आणणारी भौतिकोपचार शाखा, जिला लोक फिजिओथेरपी म्हणूनच ओळखतात, आणि प्रत्यक्ष कामाच्या व दैनंदिन व्यवहाराच्या सरावातून अवयवाला कार्यक्षम करणारी व्यवसायोपचार शाखा. आधुनिक काळात या विद्येची वाढ ठरावीक क्रमाने झालेली दिसते. ती प्रथम सैनिकासाठी उभी राहिली, नंतर पोलिओ झालेल्या बालकासाठी, त्यानंतर कायद्याच्या कक्षेतील कामगारासाठी; आणि शेतमजुरापर्यंत ती सर्वांत शेवटी, तीही अपुरी, पोहोचली. खानदेशात सैनिकी रुग्णालय नव्हते आणि महानगरही नव्हते, मात्र कामगार व शेतमजूर भरपूर होते, त्यामुळे या क्रमाचा परिणाम येथे फार स्पष्टपणे दिसतो.

तथापि या विद्येचा आरंभ रुग्णालयांपासून धरणे योग्य होणार नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नाच्या, म्हणजे मोडलेल्या वा निखळलेल्या हाडाच्या, उपचाराला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. झाडांच्या साली व बांबूच्या कामट्या यांनी मोडलेला भाग बांधणे, ऋतूप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी बांधणी सोडून पुन्हा करणे, बांधणी सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट झाल्यास सूज व वेदना वाढतात हे ओळखणे, या सूचना त्यात आहेत. तरुणाचे हाड एका महिन्यात, मध्यम वयाच्या माणसाचे दोन महिन्यांत आणि वृद्धाचे तीन महिन्यांत जुळते, असा कालावधीचा अंदाजही तेथे दिलेला आहे. सर्वांत लक्षणीय आहे ती तळहाताच्या भग्नानंतरची सूचना : हातात प्रथम मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. मऊ व हलक्या वस्तूपासून कठीण व जड वस्तूपर्यंत क्रमाने भार वाढवत नेण्याचे हे तत्त्व आजच्या भौतिकोपचार विभागातील मऊ चेंडू, रबरी पट्टे व वाळूच्या पिशव्या यांच्या वापरामागेही आहे. हाड जुळल्यावर उपचार संपत नाही, त्यानंतर हाताला काम शिकवावे लागते, ही जाणीव या एका सूचनेत इतकी स्पष्ट आहे की पुढच्या काळात तिचा विसर कसा पडला याचे आश्चर्य वाटते.

खानदेशात, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, हे ज्ञान ग्रंथांपेक्षा हातांतून पुढे गेले. गावोगावचे हाडवैद्य बोटांनी चाचपून मोड ओळखत, बांबूच्या कामट्या व कापडाच्या पट्ट्यांनी ती बांधत, आंबेहळद, रक्तबोळ, मैदालकडी यांचे लेप लावत, आणि हाडसांधी म्हणून ओळखली जाणारी कांडवेल पोटात देत. दुसरी परंपरा तालमींची होती. कुस्तीत सांधे निखळणे व स्नायू लचकणे नेहमीचे असल्यामुळे वस्तादाला सांधा बसवणे, तेलाने मर्दन करणे आणि जखमी पैलवानाला हळूहळू मेहनतीवर आणणे या गोष्टी अवगत असाव्या लागत. मोड बांधून देणे हे हाडवैद्याचे मुख्य काम होते, तर तालमीतल्या वस्तादाला गडी पुन्हा आखाड्यात उतरवायचा असल्यामुळे त्याचे लक्ष स्वाभाविकपणे उपचारानंतरच्या काळावर असे. या दृष्टीने पाहिले तर तालीम ही महाराष्ट्रातील पुनर्वसनाची एक जुनी जागा ठरते.

या परंपरेचा शास्त्रीय वैद्यकाशी जो संबंध आला त्यात खानदेशातील अमळनेरला स्थान आहे. बडोद्यातील जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हे व्यायामाचार्य म्हणून जितके प्रसिद्ध होते तितकेच हाडे बसवण्याच्या कौशल्यासाठीही. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, १९१६ मध्ये अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. उड्डियान बंध व नौली या यौगिक क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासून पाहिला, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगाचा रोगोपचारासाठी पद्धतशीर उपयोग सुरू केला. शरीराच्या पारंपरिक शिक्षणाला मोजमापाची शिस्त लावण्याचा हा प्रयत्न होता. मात्र त्याचे केंद्र लोणावळ्यास व मुंबईस गेले, आणि अमळनेरच्या गिरणीत बोट सापडलेल्या कामगाराला त्याचा लाभ झाला असे म्हणता येणार नाही.

हाडवैद्यांच्या पद्धतीचा गौरव करताना तिच्या मर्यादेकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कोपराजवळची मोड घट्ट बांधल्यास हाताचा रक्तपुरवठा तुटतो, पुढच्या हाताचे स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडून पंजासारखी वाकतात. जर्मन शल्यचिकित्सक रिशार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला फोल्कमान आखडणे म्हणतात. बांधणी सोडून पाहण्याची सुश्रुताची सूचना जेथे पाळली गेली नाही तेथे अशा हातांची संख्या वाढली, आणि झाडावरून पडलेल्या लहान मुलांना याचा सर्वाधिक फटका बसला. तरीही लोक हाडवैद्याकडे जात राहिले, कारण तो जवळ होता, त्याचा मोबदला परवडणारा होता, आणि तो पुन्हा-पुन्हा भेटत होता. यांतील शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पुनर्वसन हा एका भेटीत देता येईल असा उपचारच नाही.

युरोपात याच सुमारास विश्रांती श्रेष्ठ की हालचाल, हा मोठा वाद चालू होता. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यातले होते. त्यांनी वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतले आणि जखमी सांध्याला पूर्ण, अखंड विश्रांती मिळाली पाहिजे असा सिद्धान्त मांडला. त्याउलट पॅरिसचे झ्युस्त ल्युका-शाँपियोनिएर यांचे म्हणणे असे की मोडलेल्या अवयवाला लवकर मर्दन व हालचाल मिळाली नाही तर हाड जुळूनही अवयव निकामी होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या शल्यचिकित्सकांच्या गटाच्या कामानंतर, या वादाचा निकाल बराचसा हालचालीच्या बाजूने लागला. धातूच्या पट्ट्या व स्क्रू यांनी हाड इतके घट्ट जोडायचे की प्लॅस्टरची गरज उरू नये आणि सांधा लवकर हलवता यावा, हे त्यांचे सूत्र होते. दीर्घकाळ प्लॅस्टरमध्ये राहिल्याने येणारी सूज, सांध्यांचा ताठरपणा, स्नायूंचा व हाडांचा क्षय या लक्षणसमूहाला त्यांनी भग्नरोग असे स्वतंत्र नाव दिले, म्हणजेच उपचारातून उद्भवणाऱ्या अपंगत्वाची उघड नोंद घेतली. आज जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांत पायात रॉड टाकणे किंवा प्लेट बसवणे हे शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. पण त्या रॉडचा हेतू रुग्णाला लवकर हलवता यावे हा होता, हे मात्र तितकेसे पोहोचलेले नाही, आणि शस्त्रक्रिया करूनही पाय महिनोन्‌महिने गादीवर जपून ठेवण्याची रीत अनेक घरांत चालू आहे.

संस्थात्मक पुनर्वसनाची सुरुवात पहिल्या महायुद्धाने केली. थॉमस यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी कार्यशाळा उघडल्या, जेथे सुतारकाम व तत्सम कामे उपचार म्हणून करवून घेतली जात. भारतात या विचाराचे प्रतिबिंब १९१७ मध्ये मुंबईत उमटले. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरी तांत्रिक विद्यालय सुरू झाले, जे पुढे पुण्याजवळ खडकीला गेले आणि आजही चालू आहे. गमावलेल्या अवयवाला झेपेल असा नवा धंदा सैनिकाला शिकवणे हे त्याचे कार्य होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले, आणि १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, खडकीलाच मज्जारज्जूच्या दुखापतीने कमरेखाली लुळे झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे या सैनिकी परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे : १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर उपचार म्हणून सुचवलेले पोहणे त्यांनी इतके पुढे नेले की १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. सैनिकाच्या पुनर्वसनामागे राज्यसंस्थेचे ऋण होते, आणि त्या ऋणाने वेळ, पैसा, जागा व तज्ज्ञ या चारही गोष्टी पुरवल्या. जे सैनिकाला शक्य झाले ते गिरणी कामगाराला वैद्यकीय दृष्ट्या अशक्य नव्हते. फक्त त्याच्याबद्दल असे ऋण कोणी मानले नव्हते.

दुसरा टप्पा पोलिओने घडवला. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी आपल्या मुलीला झालेल्या पोलिओच्या अनुभवातून १९४७ मध्ये अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली, जिचे रुग्णालय पुढे हाजी अली येथे उभे राहिले. ऑस्ट्रेलियन परिचारिका एलिझाबेथ केनी यांची पद्धत, म्हणजे लुळ्या पायाला फळ्यांमध्ये जखडून न ठेवता लोकरीच्या ओल्या, गरम कापडाचा शेक देऊन स्नायूंना पुन्हा शिक्षण देणे, ही या कामाची एक मुख्य प्रेरणा होती. त्याच काळात मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी, म्हणजेच विवाहानंतरच्या कमला निंबकर, यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचा विभाग उभारला आणि १९५० मध्ये तेथेच त्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. १९५३ मध्ये मुंबई महापालिका, केंद्र सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने केईएममध्येच भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली, आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने स्थापन झाली. १९४७ ते १९५५ या अवघ्या आठ वर्षांत भारतातील नागरी पुनर्वसनाचा जवळजवळ सगळा पाया मुंबईच्या परळ व हाजी अली या दोन भागांत घातला गेला, ही घटना जितकी अभिमानास्पद तितकीच तिची मर्यादाही त्यातच आहे, कारण भुसावळहून मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे आणि रोज किंवा दिवसाआड घ्यावा लागणारा उपचार इतक्या अंतरावरून घेता येत नाही. शस्त्रक्रियेसाठी माणूस कर्ज काढून एकदा मुंबईला जाऊ शकतो. सहा महिने व्यायामासाठी तो तेथे राहू शकत नाही.

कामगारासाठी पहिले पाऊल टाकले ते वैद्यकाने नव्हे, तर कायद्याने. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला, आणि कामावर झालेल्या इजेबद्दल मालकाने पैसे द्यावेत हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. या कायद्याच्या जोडपत्रात अवयवांची कमावण्याच्या क्षमतेतील घट टक्केवारीत दिलेली होती : नंतरच्या तरतुदीनुसार पूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी गेल्यास १४ टक्के. या कोष्टकाने कामगाराला हक्काची रक्कम मिळवून दिली, हे त्याचे मोठे श्रेय आहे. पण त्याची दृष्टी गेलेल्या भागावर होती, उरलेल्या भागाकडून काय करवून घेता येईल यावर नव्हती. तर्जनी गेलेल्या जिनिंग कामगाराला उरलेल्या बोटांनी पकड शिकवणारे कोणी आहे की नाही, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीतच येत नव्हता. एवढेच नव्हे, तर इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा ही स्पष्ट तरतूद या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने, म्हणजे ८६ वर्षांनी, आली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दोन कायदे झाले. कारखाने कायद्याने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात प्रथमोपचार कक्षापलीकडे जाणारी, प्रशिक्षित कर्मचारी असलेली रुग्णवाहिका-खोली सक्तीची केली, आणि राज्य कामगार विमा कायद्याने महामंडळाला जखमी विमाधारकांच्या पुनर्वसनासाठी व पुन्हा कामावर घेतले जाण्यासाठी उपाय योजण्याचा अधिकार दिला. पुनर्वसन हा शब्द कामगारविषयक कायद्यात येण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होता, तथापि तो अधिकार होता, कर्तव्य नव्हे, आणि या दोहोंमधील अंतर खानदेशातल्या छोट्या गिरण्यांमध्ये फार मोठे ठरले.

या परिस्थितीला भुसावळमध्ये एक महत्त्वाचा अपवाद होता, तो रेल्वेचा. रेल्वेला स्वतःचे रुग्णालय होते, स्वतःचे डॉक्टर होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कामांची वैद्यकीय वर्गवारी होती. इंजिन चालवणाऱ्याला जी दृष्टी व जे शारीरिक सामर्थ्य लागते ते कार्यालयातील लिपिकाला लागत नाही, म्हणून प्रत्येक पदासाठी आरोग्याची पातळी ठरवलेली असे, आणि डबे जोडताना हात चेमटलेल्या किंवा पाय गमावलेल्या कर्मचाऱ्याची वर्गवारी उतरवून त्याला खालच्या पातळीचे, पण झेपणारे काम देण्याची पद्धत होती. या पद्धतीत पगार व मान कमी होण्याची वेदना होती, आणि तिच्याविरुद्ध कर्मचारी संघटनांनी दीर्घकाळ तक्रारी केल्या. तरीही जखमी माणसाने काय गमावले यापेक्षा तो आता कोणते काम करू शकेल असा प्रश्न विचारणारी खानदेशातील ही पहिली मोठी व्यवस्था होती, असे मानण्यास जागा आहे.

औष्णिक वीज केंद्रातील इजांचे स्वरूप रेल्वेपेक्षा वेगळे असते, आणि त्या इजा पुनर्वसनाची कसोटी पाहणाऱ्या असतात. कोळसा हाताळणीच्या विभागात फिरते पट्टे, म्हणजे कन्व्हेयर, आणि त्यांचे रूळ यांत हात किंवा कपडा ओढला जाण्याचा धोका असतो. बॉयलरच्या दुरुस्तीत उंचावरून पडण्याचा. वाफेच्या व तप्त राखेच्या संपर्कात भाजण्याचा. आणि विजेच्या जोडण्यांच्या ठिकाणी धक्क्याबरोबर खोलवर ऊतक जळण्याचा. भाजलेल्या हाताची जखम भरली म्हणजे हात बरा झाला असे नसते, कारण भरणारी त्वचा आकसते आणि सांध्याला आपल्याकडे ओढून घेते. बोटे, कोपर, काख किंवा मान अशा रीतीने कायमची वाकू नये म्हणून जखम ओली असतानाच अवयव योग्य स्थितीत ठेवणारे आधार, ज्यांना स्प्लिंट म्हणतात, ते वापरावे लागतात, दिवसातून अनेकदा वेदना सोसून सांधे ताणावे लागतात, आणि नंतर महिनोन्‌महिने घट्ट दाबवस्त्रे घालावी लागतात. या सगळ्यात शल्यचिकित्सकाचा वाटा काही तासांचा असतो; उरलेले काम भौतिकोपचारतज्ज्ञ, रुग्ण स्वतः आणि त्याच्या घरातील माणसे, बहुतेक वेळा पत्नी किंवा आई, करतात. घरातील स्त्रियांनी केलेला शेक, तेल लावणे, धरून चालवणे हे श्रम कोणत्याही अहवालात मोजले गेलेले नाहीत, परंतु खानदेशात जे पुनर्वसन घडले त्याचा फार मोठा भाग त्यांच्याच हातून घडला आहे.

शेतकऱ्यापर्यंत ही विद्या पोहोचण्यास सर्वाधिक उशीर झाला. १९६० नंतर शेतीत यंत्रे आली तशी मळणी यंत्रात हात सापडण्याचे प्रकार देशभर इतके वाढले की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, ज्यात मळणी यंत्राची रचना सुरक्षित करण्याबरोबरच जखमीला भरपाईची तरतूदही होती. पाय गमावलेल्या शेतकऱ्यासाठी खरा बदल घडवला तो जयपूरने. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेले रबरी पाऊल अनवाणी चालता येईल, चिखलात उतरता येईल, उकिडवे व मांडी घालून बसता येईल, असे होते. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेला होता. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पाणी देणाऱ्याला, किंवा चुलीपाशी खाली बसून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला, तो निरुपयोगी होता. माणूस कोठे व कसा राबतो हे ठरवल्याशिवाय त्याला कोणता अवयव द्यावा हे ठरवता येत नाही, ही गोष्ट त्या पावलाने जगाला पटवून दिली. महाराष्ट्र शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख व एक अवयव गेल्यास एक लाख रुपये देते. या योजनेचा आधार अनेक कुटुंबांना झाला आहे, परंतु अवयव शाबूत असून तो वाकत नाही किंवा उचलत नाही अशा, संख्येने कितीतरी अधिक असलेल्या, माणसांसाठी तिच्यात जागा नाही.

गेल्या तीन-चार दशकांत खानदेशातील वैद्यकीय चित्र निश्चितपणे बदलले. धुळ्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, जळगाव व धुळे येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालये निघाली, जळगावला भौतिकोपचाराचे शिक्षण मिळू लागले, आणि २०१८ मध्ये तेथील जिल्हा रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. या योजनेमुळे मांडीच्या हाडाची मोड, मणक्याची इजा किंवा भाजणे यांवरील शस्त्रक्रिया गरीब माणसाच्या आवाक्यात आल्या, ही मोठी उपलब्धी आहे. मात्र योजनेची रचना शस्त्रक्रियेभोवती व तिच्या लगतच्या दिवसांभोवती झालेली असल्यामुळे, रुग्ण घरी गेल्यावर सुरू होणारे महिने बहुतांशी त्याच्याच पदरी राहतात. मुक्ताईनगर किंवा शिरपूरकडच्या खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी येणे म्हणजे स्वतःची आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडवणे होय, आणि ज्या घरात कमावता हातच मोडला आहे तेथे दुसऱ्या हाताचीही मजुरी बुडवणे सहसा शक्य होत नाही. टाके निघाले, पाय टेकवता येऊ लागला, की येणे थांबते, आणि अर्धवट वाकणारा गुडघा तसाच कायम होतो. हा दोष रुग्णाच्या आळसाचा असल्याचे जे सर्रास सांगितले जाते ते अन्यायकारक आहे.

कामावर परतण्याच्या हक्काची कायदेशीर मांडणी १९९५ मध्ये झाली. त्या वर्षीच्या अपंग व्यक्तींच्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास किंवा त्याचा दर्जा उतरवण्यास मनाई केली. मूळ काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तेही नसल्यास सुयोग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जास्तीचे, पद निर्माण करावे, असे बंधन घातले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमात हेच संरक्षण शासकीय आस्थापनांसाठी पुन्हा आले. रेल्वेतील जुन्या वर्गवारीतला पगार व दर्जा घटण्याचा भाग यामुळे संपला, आणि आयुध कारखाने व सार्वजनिक मालकीची वीज केंद्रे यांतील कायम कर्मचाऱ्यांना पुनर्वसनाचा खरा आधार मिळाला, कारण परतण्यासाठी जागा राखलेली असेल तरच व्यायामाच्या वेदनेला अर्थ राहतो. परंतु ज्या वर्षांत हे संरक्षण कायद्यात आले त्याच वर्षांत कोळसा उतरवणे, राख वाहणे, बॉयलरची वार्षिक दुरुस्ती यांसारखी सर्वाधिक धोक्याची कामे देशभरातील वीज केंद्रांत कंत्राटी मजुरांकडे गेली. इजा झालेला कंत्राटी मजूर भरपाईच्या कायद्यानुसार मुख्य मालकाकडेही भरपाई मागू शकतो. मात्र त्या आस्थापनेत त्याच्या नावाचे पदच नसल्यामुळे, हात बरा झाल्यावर ज्या कामावर परतायचे ते काम राखून ठेवण्याचे बंधन २० वे कलम कोणावरही घालत नाही.